चपातीचा हात विसरा: लोण्यातले मऊ पाव घरी

ज्याला चपाती चांगली जमते, त्याचा पहिला पाव हमखास बिघडतो. माझा बिघडला, माझ्या वहिनीचा बिघडला, आणि कारण दोघींचं एकच. पीठ बोटांना चिकटायला लागलं की आपला हात आपोआप पिठाच्या डब्याकडे जातो. वर्षानुवर्षांची सवय आहे ती. आधी चिमूटभर भुरभुरायचं, मग अजून थोडं, मग मूठभर, आणि पाच मिनिटांत परातीत कणकेसारखा घट्ट, गुळगुळीत गोळा तयार. बघून समाधानही वाटतं. त्या गोळ्याचे पाव भाजून निघाले तेव्हा आमच्या ह्यांनी एक उचलला, टेबलावर दोनदा वाजवून बघितला, आणि काही न बोलता चहात बुडवून खाल्ला. बुडवावाच लागला.

म्हणून हा लेख ज्यांनी यीस्टला कधी हात लावलेला नाही, पण कणीक रोज मळतात, त्यांच्यासाठी आहे. कृती अवघड नाही. विसरायचंच जास्त आहे.

आधी एक स्पष्ट सांगते. वडापावाला लागणारी लादी घरी करण्याचा खटाटोप करू नका. सांगलीत पावाची वाण नाही. संध्याकाळी बेकरीत गेलं की भट्टीतून उतरलेली लादी मिळते, आणि त्या भट्टीची धग आपल्या घरच्या ओव्हनला यायची नाही. त्या पावात साधारण मैदा, पाणी, यीस्ट, मीठ आणि नावाला साखर-तेल असतं. आपण करणार आहोत ती त्याची श्रीमंत घरात दिलेली बहीण: पाण्याऐवजी दूध, तेलाऐवजी लोणी. अमेरिकेत जेवणाबरोबर टोपलीतून येतात ते डिनर रोल हेच. बोस्टनच्या पार्कर हाऊस हॉटेलात १८७० च्या दशकात त्यांचा एक प्रकार फार गाजला. त्यात पिठाची गोल चकती लोण्यात माखून अर्ध्यात दुमडतात आणि मग भाजतात. आपण दुमडायच्या भानगडीत पडणार नाही. आपल्या लादीसारखे गोळे एकमेकांना खेटून ठेवायचे. पाव हा शब्दही आपल्याकडे पोर्तुगिजांकडूनच आलेला आहे, तेव्हा आपलं-परकं करण्यात फारसा अर्थ नाही.

साहित्य, १६ छोट्या पावांसाठी

मैदा ४०० ग्रॅम
दूध २८० मिली
साखर ४० ग्रॅम, म्हणजे सपाट ३ मोठे चमचे
इन्स्टंट यीस्ट ५ ग्रॅम, सपाट दीड छोटा चमचा
मीठ ७ ग्रॅम, सव्वा छोटा चमचा
लोणी ५० ग्रॅम पिठात, आणि २० ग्रॅम वरून लावायला
९ इंची चौकोनी टिन

वाटीचं माप मी मुद्दाम देत नाही. तुमची वाटी आणि माझी वाटी वेगळी, शिवाय मैदा दाबून भरला तर एका वाटीत सहज २०-२५ ग्रॅमचा फरक पडतो. छोटा डिजिटल काटा घ्या. बाकी सगळं घरातलं चालेल, काटा मात्र हवाच.

मैदा गणपती पेठेतल्या दुकानातून सुटा आणला तरी पाव होतात, पण शिकताना पाकीटबंद घ्या. कारण पाकिटामागे १०० ग्रॅममध्ये प्रथिनं किती ते छापलेलं असतं. १० ते ११ ग्रॅम किंवा त्याहून जास्त असेल तो उचला. मैद्यातल्या प्रथिनांना पाणी मिळालं आणि मळलं, की त्यांची रबरासारखी जाळी विणली जाते. तिला ग्लुटेन म्हणतात. यीस्ट जो वायू सोडतं तो या जाळीत अडकतो, म्हणून पाव फुगतो. जाळी कच्ची तर वायू निसटतो आणि पाव बसका.

दूध घरात रोज येतं तेच. जुन्या परदेशी कृतींत दूध आधी उकळून घ्या असं बजावलेलं असतं, कारण कच्च्या दुधातली काही प्रथिनं पीठ ढिलं करतात. आपल्याकडे दूध न उकळता वापरतो कोण! ती पायरी आपली आपोआप झालेली आहे.

लोण्याबद्दल मात्र मी जरा हट्टी आहे. आमच्याकडे म्हशीचं दूध, त्यावर बोटभर साय, आठवड्याला घरचं लोणी निघतं. त्याचा किंचित आंबूस वास पावाला जो येतो तो वडीच्या बटरला येत नाही. फक्त घरच्या लोण्यात ताक राहिलेलं असतं. थंड पाण्यात दोन-तीनदा धुवा, पाणी नितळ निघेपर्यंत, आणि मग तळव्यावर दाबून पाणी काढून टाका. नाहीतर तेवढंच पाणी पिठात जाऊन सगळं सैल होईल. बाजारचं खारं बटर वापरत असाल तर मीठ ७ ऐवजी ६ ग्रॅम घाला. तूप चालेल का, असं हमखास विचारतात. चालतं, पण पावाला शिऱ्याचा वास येतो. मला आवडत नाही.

यीस्ट

दुकानात दोन तऱ्हेचं कोरडं यीस्ट मिळतं. बारीक रव्यासारखं असतं ते इन्स्टंट. ते सरळ मैद्यात मिसळायचं. जरा जाडसर, मोहरीसारख्या दाण्यांचं असतं ते अ‍ॅक्टिव्ह ड्राय. ते कोमट दुधात चिमूटभर साखरेबरोबर १० मिनिटं ठेवायचं, वर फेस आला की वापरायचं. बेकरीवाले ओळखीचे असतील तर ताज्या यीस्टचा तुकडा देतात, खव्याच्या वडीसारखा दिसतो. तो इन्स्टंटच्या तिप्पट वजनाने घ्यायचा.

पाकीट कधी उघडलं हे आठवत नसेल, तर इन्स्टंट यीस्टसुद्धा आधी दुधात घालून बघा. १० मिनिटांत फेस आला नाही तर ते मेलेलं आहे, मैदा वाया घालवू नका. उघडलेलं पाकीट हवाबंद डबीत फ्रीझरमध्ये ठेवलं की महिनोन्महिने टिकतं.

दूध किती कोमट? दह्याला विरजण लावताना बोट बुडवून बघता ना, तेवढंच. ऊब कळली पाहिजे, चटका बसता कामा नये. अंशांत सांगायचं तर ३८ ते ४०. साठीच्या आसपास यीस्ट मरतं. ज्याच्या घरी दही नीट लागतं त्याला यासाठी थर्मामीटर नको. मात्र हे थंडीतलं झालं. सांगलीच्या एप्रिल-मे महिन्यात मी दूध फ्रिजमधून काढून तसंच गार घालते. ओट्यावरचा मैदाच इतका तापलेला असतो की मळून होईतो पीठ कोमट होतं.

खळ

लहानपणी पतंग चिकटवायला आई मैद्याची खळ करून द्यायची. तीच करायची, फक्त दुधात. २० ग्रॅम मैदा आणि १०० मिली दूध पातेलीत गुठळी न ठेवता कालवा, मंद आचेवर ठेवा आणि ढवळत राहा. दोन-तीन मिनिटांत घट्ट व्हायला लागेल. चमच्याने तळाशी ओढलेली रेघ क्षणभर दिसून मिटली की उतरवा. उकळी येऊ द्यायची नाही. चिनी पावकामात याला तांगझोंग म्हणतात. मैद्यातला स्टार्च साधारण ६५ अंशांना फुगतो आणि एरवीपेक्षा बरंच जास्त पाणी धरून ठेवतो. ते पाणी भाजतानाही सुटत नाही, म्हणून पाव दुसऱ्या दिवशीही मऊ लागतो. पहिल्यांदाच करताय आणि एवढं नको असेल तर खळ सोडा, सगळा मैदा-दूध एकत्र घ्या, फक्त दूध २५० मिलीवर आणा. पण पाच मिनिटांचं काम आहे. करा.

खळ कोमट होऊ द्या. गरम खळ यीस्टवर ओतून मी एकदा ४०० ग्रॅम मैद्याची माती केलेली आहे.

मळणं: इथेच सगळं ठरतं

परातीत उरलेला ३८० ग्रॅम मैदा, साखर, यीस्ट आणि मीठ घ्या. मीठ आणि यीस्ट परातीच्या दोन बाजूंना टाका. मीठ यीस्टला सुस्त करतं. लगेच मिसळलं तर काही बिघडत नाही, पण मिठाच्या ढिगावर यीस्ट तासभर बसून राहायला नको. मधे खळ घाला, आणि उरलेल्या १८० मिली दुधातलं १६० मिली. शेवटचे २० मिली हातात राखून ठेवा. मैद्याची तहान पाकिटागणिक वेगळी असते, आणि पावसाळ्यात तर हवेतला ओलावा मैद्यानेच पिऊन ठेवलेला असतो. जुलै-ऑगस्टमध्ये हे २० मिली मला बहुतेक लागत नाहीत. एरवी लागतात.

चमच्याने एकत्र करा. कोरडा मैदा दिसेनासा झाला की झाकून २० मिनिटं सोडून द्या. काही करू नका, चहा प्या. या वेळात मैदा आपलं आपण पाणी ओढून घेतो आणि निम्मं मळणं फुकटात होतं.

आता उघडून बघाल तर एक चिकट, ओबडधोबड लगदा दिसेल. भज्याच्या पिठाहून घट्ट आणि चपातीच्या कणकेहून खूपच सैल. घाबरून डब्याकडे हात जाईल. डबा आधीच उचलून फडताळात ठेवा, अगदी खरंच ठेवा. पीठ लावायचंच नाही. फार झालं तर हात पाण्याने पुसटसा ओला करा.

कणीक आपण मुठीने तिंबतो, वरून जोर देऊन. या पिठाला तसा जोर दिला तर ते बोटांत शिरून बसतं. याला जोर नको, ताण हवा. पीठ ओट्यावर घ्या. दोन्ही हातांच्या बोटांनी एका टोकाला धरून उचला, खालचं टोक ओट्यावर आपटा, तुमच्या हातातलं टोक थोडं ओढून पुढे त्यावर दुमडा. एक चतुर्थांश वळवून पुन्हा उचला. आपटा, ओढा, दुमडा. पहिली चार-पाच मिनिटं तुम्हाला वाटेल की हा लेख लिहिणारी बाई वेडी आहे. पीठ ओट्याला, बोटांना, अंगठीला, सगळीकडे असेल. (अंगठी आधी काढा.) सहाव्या-सातव्या मिनिटाला फरक जाणवतो. ओट्यावरचे धागे पिठाबरोबर उचलले जायला लागतात, आपटल्याचा आवाज 'पचक' होता तो 'थाप' होतो. १० मिनिटांनी पीठ स्वतःला सावरून धरतं, एका तुकड्यात येतं.

आवाज होतो, हे खरं. पहिल्यांदा मी हे दुपारी तीनला केलं आणि खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या. ''काय गं, धुणं वरच घेतलंस का आज?'' मी पीठ दाखवलं. त्यांनी बोट लावून बघितलं, बोटाला आलेली तार ओढत म्हणाल्या, ''अगं, पातळ झालंय. मूठभर पीठ टाक की.'' पन्नास वर्षं चपात्या केलेला हात बोलत होता. मी टाकलं नाही. थाप मारून दाखवली, तेव्हा त्या स्टूल ओढून बसल्या आणि शेवटची पाच मिनिटं त्यांनी मळलं. माझ्यापेक्षा बरं मळलं. हाताला सवय असतेच, फक्त दिशा बदलायची असते.

आता लोणी. आधी नाही, आताच. चरबी मैद्याच्या कणांना वेढून बसली की जाळी विणायला वेळ लागतो, म्हणून ती विणून झाल्यावर लोणी घालायचं. मऊ असावं, पातळ नसावं; बोट दाबलं तर खळगा पडेल इतपत. तीन हप्त्यांत घाला. पहिला हप्ता घातला की पीठ फाटतं, घसरतं, लोण्याचा चिखल होतो आणि सगळं हातचं गेलं असं वाटतं. गेलेलं नसतं. चोळत राहा, दुमडत राहा. दोन मिनिटांत पीठ लोणी आत घेतं. मग दुसरा हप्ता. सगळं लोणी जिरल्यावर अजून ५ मिनिटं आपटा-ओढा.

झालं की नाही हे घड्याळ सांगत नाही, मैद्यावर अवलंबून असतं. लिंबाएवढा गोळा तोडा आणि दोन्ही हातांच्या बोटांनी चहूबाजूंनी हळूहळू ताणा, खिडकीच्या उजेडात धरा. फाटायच्या आत तो इतका पातळ झाला पाहिजे की पलीकडे बोटाची सावली दिसेल. चिरोट्याचा पापुद्रा डोळ्यासमोर आणा. आधीच खरखरीत कड पडून फाटला, तर अजून पाच मिनिटं मळा. भोक पडलं पण त्याची कड गुळगुळीत असेल तर जवळ आलात. हाताने एकूण १५ ते २० मिनिटं लागतात. पिठाचा मिक्सर असेल तर ८-१० मिनिटांत होतं, मात्र साध्या हॅण्ड ब्लेंडरला हे काम सांगू नका, मोटर तापते.

पहिलं फुगणं

तेलाचं बोट फिरवलेल्या डब्यात पीठ ठेवा, झाका. स्टीलच्या पातेल्यात किती फुगलं ते कळत नाही, म्हणून मी उभा पारदर्शक प्लास्टिकचा डबा वापरते आणि पिठाच्या पातळीवर बाहेरून रबरबँड लावते. पीठ दुप्पट झालं पाहिजे.

किती वेळात? सगळ्या कृतींत 'एक तास' लिहिलेलं असतं. तो तास कुणाच्या स्वयंपाकघरातला, ते लिहिलेलं नसतं. सांगलीत एप्रिलमध्ये पारा ३८-४० ला टेकतो तेव्हा माझं पीठ ३५-४० मिनिटांत डब्याच्या तोंडाशी येतं. डिसेंबरात सकाळी सातला ठेवलं तर दोन तास हलत नाही. इडलीचं पीठ आंबायला जिथे ठेवता तिथेच हेही ठेवा. थंडीत मी बंद ओव्हनमध्ये डब्याशेजारी उकळत्या पाण्याचं भांडं ठेवते. उन्हाळ्यात उलटं: खाली गार पाण्याची परात. फार भराभर फुगलेल्या पावाला चव येत नाही, म्हणून उन्हाळ्यात घाई टाळलेलीच बरी. रात्री मळून फ्रिजमध्ये ठेवलंत आणि सकाळी काढलंत तर चव अजून चांगली येते. त्या वेळी यीस्ट ३ ग्रॅमच घ्या.

खात्री करायची तर बोट मैद्यात बुडवून पिठात दोन पेरं खोल घाला. खळगा तसाच राहिला तर तयार. लगेच भरून आला तर अजून वेळ द्या. सगळं पीठच फुस्स होऊन बसलं आणि दारूसारखा आंबूस वास आला तर जास्त झालं. ते टाकू नका. पसरट थापून तव्यावर नानसारखं भाजा, लसणाचं लोणी लावा. कुणाला कळणार नाही.

गोळे

पीठ ओट्यावर काढा, तळव्याने हळू दाबून मोठे बुडबुडे काढा. एकूण ८०० ग्रॅमच्या आसपास भरेल. काट्यावर ५०-५० ग्रॅमचे १६ तुकडे करा. डोळ्यांनी केलेत तर एक लिंबू आणि एक मोसंबं होतं. लहान आधी करपतो, मोठा मधे कच्चा राहतो.

पुरणपोळीचा उंडा भरताना कडा वर गोळा करून तोंड मिटतो, तसंच करायचं. तुकड्याच्या कडा मधे आणून चिमटीत मिटवा, ती बाजू ओट्यावर ठेवा, वर हाताची ओंजळ उपडी धरून गोल गोल फिरवा. खालचा भाग ओट्याला किंचित चिकटतो, त्या ओढीने वरचं कातडं ताणलं जातं. म्हणूनच ओट्यावर पीठ पसरायचं नाही. पसरलं की गोळा नुसता घसरतो, ताण येत नाही आणि भाजताना पाव वर न जाता आडवा पसरतो. सहा-सात फेऱ्यांत गोळा गुळगुळीत झाला, बोट लावल्यावर फुग्यासारखा उसळला, की पुरे.

टिनला लोणी लावा. चार ओळी, चार-चार गोळे, मधे बोटभर फट. फुगून एकमेकांना भिडले पाहिजेत. भिडलेल्या बाजूंना आच लागत नाही, त्या मऊ राहतात, आणि तोडताना त्यांचे रेशमासारखे धागे सुटतात. तेच तर हवंय.

दुसरं फुगणं

ओल्या पातळ फडक्याने झाका, ३० ते ४५ मिनिटं. मी इथे पुष्कळदा चुकले आहे, बहुतेक वेळा जास्त थांबून. गोळे छान टम्म दिसतात, अजून थोडे होऊ देत असं वाटतं, आणि ओव्हनमध्ये गेल्यावर ते खचतात. गोळ्याच्या कडेला बोटाने हलकेच दाबा. खळगा सावकाश, अर्धामुर्धा भरून आला की थेट ओव्हन. झटकन भरला तर १० मिनिटं अजून. मुळीच भरला नाही तर आधीच उशीर झालाय, पळा.

अर्थात ओव्हन तोवर तापलेला हवा. फुगणं अर्ध्यावर आलं की लावून टाका.

भाजणं

ओटीजी, म्हणजे रॉडवर तापणारा विजेचा छोटा ओव्हन, असेल तर वरखाली दोन्ही रॉड, १८० अंश, निदान १५ मिनिटं आधी. टिन मधल्या नाहीतर त्याखालच्या कप्प्यात. गोळ्यांवर दुधाचा ब्रश फिरवा, अंडं चालत असेल तर अंडं-दूध फेटून. २० ते २४ मिनिटं. छोट्या ओटीजीत वरचा रॉड फार जवळ असतो; १२-१३ मिनिटांनी रंग आला की वर फॉइल नुसतं टेकवा. ओव्हनच्या बटणावरच्या आकड्यावर फार विसंबू नका. माझा ओव्हन १८० सांगून २०० ला भाजतो हे मला आत ठेवायचा ३००-४०० रुपयांचा थर्मामीटर आणल्यावर कळलं.

कन्व्हेक्शन मायक्रोवेव्ह असेल तर फक्त कन्व्हेक्शन मोड, खालची जाळी, १७० अंश. आतला पंखा रंग लवकर आणतो, म्हणून १८ मिनिटांपासून बघायला लागा.

ओव्हन नसेल तर जाड बुडाची कढई किंवा जुनं पातेलं. आत स्टँड, वर घट्ट झाकण, मध्यम आचेवर १० मिनिटं कोरडंच तापवा. ६-७ इंची डब्यात ७ गोळे फुलासारखे बसवा. मंद आचेवर २५ ते ३० मिनिटं. वरून रंग येत नाही, पांढरेफटक दिसतात. बिघडले नाहीत; लोणी लावून तव्यावर डोकं खाली करून अर्धा मिनिट ठेवा. कुकरमध्येही लोक करतात, शिटी आणि रबर काढून. मी करत नाही. कोरडा तापवून कुकर खराब होतो आणि रबर काढायला विसरणारा एक माणूस प्रत्येक घरात असतो.

आणि लाईट. गेल्या उन्हाळ्यात पाव आत जाऊन पाच मिनिटं झाली आणि लाईट गेली, ती पाऊण तासाने आली. सगळी लादी मधे खचली. तेव्हापासून भाजायची वेळ येते तेव्हा कढई ओट्यावर काढून ठेवते. गोळे टिनमध्ये पण अजून ओव्हनबाहेरच असताना गेली तर टिन झाकून फ्रिजमध्ये टाका, फुगणं मंदावतं. भाजणं निम्म्याहून पुढे गेलं असेल तर ओव्हनचं दार अजिबात उघडू नका, आतली ऊब पुष्कळदा काम पुरं करते.

पाव झाले हे कसं ओळखायचं? कडेच्यांवर भरवसा नको, ते आधी होतात. मधल्या दोघांच्या सांध्यात बघा. तिथलं पीठ ओलसर, पिवळट चमकत असेल तर अजून ३-४ मिनिटं. स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर मधल्या पावाच्या पोटात ९० अंश.

बाहेर काढल्या काढल्या, धूर निघत असतानाच, उरलेलं लोणी फिरवा. नुसत्या पुसण्यासारखं नाही, हात सैल सोडून. लोणी चुर्र करत आत मुरतं, वरची कड नरम पडते. पातळ सुती फडकं १० मिनिटं टाका आणि मग लादी टिनमधून काढून जाळीवर ठेवा. टिनमध्येच राहिली तर बुडाला घाम येतो. यानंतर २० मिनिटं कुणालाही हात लावू देऊ नका. गरम पाव तोडला की आत गिच्च लागतो आणि सगळे म्हणतात कच्चा राहिला. माझ्याकडे हे २० मिनिटं कधी पाळलं जात नाही, ते सोडा.

एकदा हात बसला की बदल करायला हरकत नाही. ६० ग्रॅम तासगावचे बेदाणे कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून, पुसून, लोण्यानंतर पिठात घाला. हे पाव चहाबरोबर नुसते संपतात. १०० ग्रॅम मैदा कमी करून तेवढी चपातीची कोरडी कणीक घातली तरी चालते, मात्र दूध १५-२० मिली वाढवा. पूर्ण कणकेचे करायच्या फंदात निदान पहिल्या दहा वेळा पडू नका. कोंडा जाळी कापत जातो आणि पुन्हा टेबलावर वाजवायची वेळ येते.

उरले तर गार झाल्यावर डब्यात, बाहेरच. थंडीत दोन दिवस, उन्हाळ्यात जेमतेम एक. फ्रिजमध्ये ठेवू नका. फ्रिजच्या गारव्यात पाव बाहेरपेक्षा लवकर शिळा, चामट होतो. जास्त दिवस ठेवायचे तर सरळ फ्रीझर, हवाबंद पिशवीत, चार-चार जोडलेले. खायच्या वेळी इडलीपात्रात दोन-तीन मिनिटं वाफ द्या, झाकणाला फडकं बांधून, नाहीतर पाणी वर टपकतं. मग तव्यावर थोडं लोणी टाकून फक्त बूड शेकून घ्या.